कर्ता नसलेली कविता

शेजारची मुलगी सकाळपासून गच्चीत येरझाऱ्या घालतेय. हातात गाईड आणि तोंडात एकच वाक्य, "कवीला येथे असे म्हणायचे आहे की..." अडखळली की डोळे मिटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, "कवीला येथे असे म्हणायचे आहे की..." मार्च लागला. रस्त्यावरच्या कडुलिंबांना मोहोर आलाय. खेड्याकडून येणाऱ्या ट्रॅक्टरांवर शाळूचा कडबा लादलेला असतो, त्याच्या काड्या गल्लीभर सांडतात. परीक्षा जवळ आल्याचं माझ्या नाकाला आधी कळतं आणि कॅलेंडरला नंतर.

काल जिन्यात भेटली तेव्हा मी तिला विचारलं, "कवीचं राहू दे. तुला काय वाटलं गं ती कविता वाचून?"

ती गोंधळली. मग लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "आजी, ते परीक्षेला येत नाही."

मी वर आले, पाणी प्यायले, खुर्चीत टेकले, तरी अंगातली चीड निवेना. त्या पोरीवर मी कशाला चिडू? ही चीड फार जुनी आहे. दर वर्षी लिंबाच्या मोहोराबरोबर ती उमलते, आणि मोहोर झडून गेला तरी मागे राहते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आम्ही जालन्यात मस्तगडला दोन खोल्यांत राहत होतो. गाव आमचं केदारखेडा. शेत तिकडे चुलत्यांकडे, आणि आबा इथं मोंढ्यातल्या एका अडत दुकानात काम करत. मला शाळेत घालायचं आबांच्या मनात कसं आलं ते मला कधी कळलं नाही. मायला विचारलं की ती म्हणे, "त्यायच्या मनात आलं, घातलं. म्या काय इचारायला गेल्ते?"

शाळा मुलींची, जुन्या कापसाच्या गोदामात भरणारी. भिंतीच्या फटींत सरकीचे दाणे सापडायचे, आम्ही ते नखानं उकरून काढायचो. उन्हाळ्यात पत्रा तापला की वर्गाला तेलकट वास सुटे. फळ्याच्या कोपऱ्यात निजामी महिन्याचं नाव लिहिलेलं असायचं, तेव्हा खुर्दाद, आणि घरी माय त्यालाच चैत म्हणायची. एकाच महिन्याला दोन नावं असतात यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं. शिकवण्याची भाषा मराठी होती, पण उर्दू सगळ्यांना घ्यावीच लागे. म्हणजे कविताही दोन भाषांतून यायची, आणि दोन माणसांकडून.

मराठीला गुरुजी होते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांची नातवंडं याच शहरात आहेत आणि त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. गुरुजी वाईट शिकवायचे असंही कुणी समजू नये. त्यांच्यासारखी कविता म्हणणारा माणूस मी पुन्हा ऐकला नाही. गोरेपान, उंच कपाळ, खांद्यावर स्वच्छ उपरणं. कविता म्हणताना एका ओळीवर आवाज असा खाली आणत की मागच्या बाकावरच्या मुली आपसूक पुढे झुकत. पण प्रत्येक कवितेचा अर्थ त्यांच्याकडे तयार असायचा. तो ते सांगत, आम्ही लिहून घेत असू, आणि तेवढाच अर्थ परीक्षेत चाले.

त्या वर्षीच्या पुस्तकात लेकीच्या पाठवणीवर एक कविता होती. लेक सासरी निघालीय. आई दाराला धरून रडतेय, बाप तोंड फिरवून डोळे पुसतोय, दावणीची गाय हंबरतेय, विहिरीचं पाणीसुद्धा म्हणे खिन्न झालंय. गुरुजी ही कविता शिकवायला लागले की त्यांचा गळा भरून यायचा. बापाच्या कडव्याला ते थांबायचे, उपरण्यानं डोळे टिपायचे, आणि म्हणायचे, "पाहा मुलींनो, करुणरस कसा ओथंबलाय!" सगळा वर्ग मुसमुसायचा. मीसुद्धा. मला ती कविता फार आवडायची, हे आधीच सांगून टाकते. भाकरी थापणाऱ्या मायपाशी बसून मी ती म्हणायची, आणि माझ्याच आवाजानं मलाच रडू यायचं. त्या वयात रडू येण्यात एक चैन असते.

माझ्या शेजारी कौसल्या बसायची, आमची कौसा. ती मंठ्याची. तिथं पुढं शाळा नव्हती म्हणून मामाकडे राहून शिकत होती. वडिलांना ती दादा म्हणायची. उंच, सावळी, खणखणीत आवाजाची. ओच्यात कायम काहीतरी असायचं, हरभऱ्याचे घाटे नाही तर गाभुळलेल्या चिंचा. तास चालू असताना ती ते न आवाज करता खायची, ही तिची कला.

उर्दूला उस्तानीबी होत्या. आल्या की बुरखा खुंटीला अडकवायच्या, पानाची डबी टेबलावर ठेवायच्या आणि पुस्तक उघडायच्या. शेर वाचून झाला की त्या अर्थ सांगतच नसत. बोट एखादीकडे रोखून विचारायच्या, "मतलब तो किताब में लिखा है. तेरे कू क्या लग्या, वो बोल." पहिल्यांदा आम्ही सगळ्या पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. आम्हाला काही वाटू शकतं, आणि ते कुणी वर्गात विचारू शकतं, हे आम्हाला नवीनच होतं.

एकदा त्यांनी ढगावरची एक नज्म वाचली. ढग येतो, शेतावर सावली धरतो आणि न बरसता निघून जातो, किती नाजूक त्याची चाल, असं काहीसं. बोट कौसाकडे वळलं. कौसानं तोंडातली चिंच गालात ढकलली आणि उभी राहिली.

"उस्तानीबी, मेरे कू गुस्सा आया."

"गुस्सा? किस पे?"

"ढग पे. शायर लोग उसकू अच्छा अच्छा बोलते. पण गेल्या साली वो ऐसाच गया और हमारी तूर पूरी जल गई."

वर्ग खो खो हसला. उस्तानीबी हसल्या नाहीत. त्यांनी पान गालात सरकवलं आणि म्हणाल्या, "बराबर. शेर सुन के गुस्सा आता तो गुस्सा बोलना. रोना आता तो रोना बोलना. झूट मत बोलना, बस." मग त्यांनी ती नज्म परत वाचली. या वेळी मला तो ढग पहिल्यासारखा सुंदर दिसला नाही, आणि तरी नज्म आवडली. असं होऊ शकतं हे मी त्या दिवशी शिकले.

गुरुजींच्या वर्गात हा प्रकार चालणार नाही हे आम्हाला कळत होतं. कौसाला कळत नव्हतं, किंवा कळून तिनं पर्वा केली नसेल. पाठवणीची कविता तिसऱ्यांदा शिकवून झाली, गुरुजींनी डोळे टिपले, आणि कौसा उठून उभी राहिली.

"गुरुजी, एक इचारू का?"

"विचार, बाळ."

"हितं आई रडून राह्यली, बाप रडून राह्यला, गाय रडून राह्यली, हिरीचं पाणीबी रडून राह्यलं. पोरगी तर रडूनच राह्यली. मंग तिला पाठवून कोण राह्यलं?"

गुरुजी आधी हसले. "अगं, हा काय हिशोबाचा तास आहे? कवितेत कर्ता शोधायचा नसतो, भाव शोधायचा असतो."

"पण व्याकरणात तुमीच म्हणता न्हं, आधी कर्ता शोधा म्हणून."

आता ते हसले नाहीत. "खाली बस," म्हणाले. "ज्याला काव्य कळत नाही तो असले प्रश्न विचारतो." कौसा खाली बसली. तिच्या कानाची पाळी लाल झाली होती.  त्या दिवसापासून ती कविता म्हणताना मला रडू यायचं थांबलं. बापाच्या कडव्याशी आले की मी अडखळायची. हा रडतोय ना, मग उठून सांगत का नाही, की थांबा, पोर जाणार नाही?

गंमत अशी की कवितेवर शंका काढणाऱ्या कौसाइतकी चांगली ती कविता दुसरी कुणी म्हणत नसे. माघात बक्षीस समारंभ झाला तेव्हा गुरुजींनी तिलाच उभं केलं. पाहुणे म्हणून मंठ्याकडचे एक मोठे पाटील आले होते. त्यांनी शाळेला बाकं दिली होती. त्यांच्या कज्ज्यांच्या तारखा जालन्याच्या अदालतीत असायच्या आणि गुरुजींची त्यांची जुनी ओळख होती. वय गुरुजींएवढंच. बायको वर्षापूर्वी वारलेली. पुढच्या खुर्चीत बसून ते पानाला चुना लावत होते, आणि कौसानं पहिली ओळ म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. मी हे पाहिलं. मला वाटलं, कवितेनं माणूस हेलावला. काय आनंद झाला होता मला!

पुढच्या पंधरवड्यात एका संध्याकाळी आम्ही कुंडलिकेच्या काठानं घरी चाललो होतो. पाणी आटलेलं, वाळूत बाया झरे उकरून घागरी भरत होत्या. कौसा म्हणाली, "रुखमे, माझं ठरलं."

"काय ठरलं?"

"तेच."

"कोणी ठरवलं?"

"कोणीच न्हाई. ठरलं."

तेव्हा मी नुसती भांबावले. आता म्हातारपणी वाटतं, आपल्याकडे पोरीच्या आयुष्यातली सगळी मोठी वाक्यं अशीच असतात. जुळलं. ठरलं. उरकलं. पाठवणी झाली. कुणी जुळवलं, कुणी ठरवलं, विचारू नये. वाक्य पुरं होतं, अर्थ लागतो, आणि कुणाचंही बोट त्यात अडकत नाही.

इथं मात्र बोट अडकलं होतं, आणि त्याचा धनी अभिमानानं ते दाखवत होता. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात सांगितलं, "आपली कौसल्या मोठ्या घरी पडतेय. पाटलांना लिहिता-वाचता येणारी मुलगी हवी होती. मीच शब्द टाकला. त्या दिवशी त्यांनी हिचं काव्यगायन ऐकलं आणि मला म्हणाले, ही कोणाची हो?" मग प्रेमानं कौसाकडे बघून म्हणाले, "जी कविता गळ्यात एवढी उतरते ती आयुष्यातही उतरते, बाळ."

कौसा उभी राहिली. "गुरुजी, परीक्षा देऊन जाऊ द्या म्हून दादाला तुमी सांगा न्हं. तुमचं ऐकतीन ते. दोनच महिने हायेत."

"अगं, तिथी कुणासाठी थांबतात का?" गुरुजी म्हणाले. "आणि आता तुला परीक्षेचं काय काम?"

हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. अगदी मायेनं म्हटलं होतं. इतक्या वर्षांनीही मला तो आवाज ऐकू येतो आणि मुठी वळतात. त्यांनी दरडावलं असतं तर मी कदाचित विसरून गेले असते.

लग्न फाल्गुनात मंठ्याला झालं. मी आणि माय कौसाच्या मामीबरोबर सर्व्हिस मोटारीनं गेलो. रस्त्याला दोन्ही बाजूंनी शाळूची काढणी चालली होती, बाया पेंढ्या बांधत होत्या, धुळीनं आमचे केस पांढरे झाले. मांडवात गुरुजी पाहुण्यांच्या पंगतीला मानानं बसलेले. नवरदेवाची सहा वर्षांची मुलगी नवा परकर घालून इकडून तिकडे धावत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, "माझी नवी माय कोणती?" शेवटी कुणीतरी तिला कौसासमोर नेऊन उभं केलं. ती म्हणाली, "ही तर ताई हाये."

मग निघायची वेळ झाली. बैलगाडीला झूल घातलेली. कौसाची आई दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली. तिचे दादा तोंड फिरवून पागोट्याच्या शेवानं डोळे पुसू लागले. मामा रडला, मामी रडली, माझी माय रडली, आणि मांडवाच्या खांबाशी उभे असलेले गुरुजी उपरण्यानं डोळे टिपू लागले. त्यातलं एकही रडणं खोटं नव्हतं. दादांचे तर खांदे हलत होते, उभं राहवत नव्हतं त्यांना. मी एकेका चेहऱ्याकडे बघत होते.

कौसा रडली नाही. बायका तिला म्हणत होत्या, रड गं, रडावं लागतं. ती माझ्यापाशी आली, गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "पाहून घे रुखमे. सगळेच रडून राह्यले."

गाडी गेली. थोड्या वेळानं बुंदी वाढायला लागले.

खुर्दादात परीक्षा झाली. मराठीच्या पेपरात प्रश्न आला: पाठवणीच्या कवितेचे रसग्रहण करा. उत्तर आम्हाला पाठ होतं. "प्रस्तुत कविता करुणरसाने ओथंबलेली असून..." बाकावरची माझ्या शेजारची जागा मोकळी होती. पत्रा तापला होता. मी "प्रस्तुत कविता" एवढं लिहिलं आणि माझा टाक पुढं जाईना. मला उस्तानीबींचं बोट दिसायला लागलं. झूट मत बोलना, बस.

मी ते दोन शब्द खोडले आणि लिहिलं की या कवितेत सगळे रडतात आणि कुणीच थांबवत नाही. आधी मला वाटलं होतं की हे रडणं खोटं असेल. आता मी ते डोळ्यांनी पाहिलंय, ते खरं असतं, आणि म्हणून मला जास्तच राग येतो. ज्याला एवढं रडू येतं त्याला ही गोष्ट वाईट आहे हे कळत असतं. कळूनही तो ती करतो, आणि वर कविता त्याचेच डोळे पुसते. कवीनं लेकीला एकही शब्द बोलू दिलेला नाही. तिला काय वाटलं ते गाईला विचारलंय, विहिरीला विचारलंय, तिला विचारलेलं नाही. माझ्या मैत्रिणीला या कवितेमुळे परीक्षा देता आली नाही. असं सगळं लिहून मी पेपर दिला. 

गुरुजी चार दिवसांनी आमच्या घरी आले. आबा जेवत होते, ते हात धुऊन उठले, घोंगडी झटकून अंथरली. "बसा गुरुजी. कामून तकलीफ घेतली? बलावलं असतं तर आल्तो की." गुरुजींनी माझा पेपर आबांपुढे धरला. आबांना मोडी वाचता येई, हे बाळबोध अक्षर वाचता येईना. त्यांनी तो मला दिला. "तूच वाच."

मी उभी राहून सगळं वाचलं. वाचताना शेवटी आवाज चढला.

"बघा," गुरुजी म्हणाले. "मुलगी हुशार, म्हणून स्वतः आलो. माफी मागितली तर पुन्हा लिहून घेईन. नाही तर हिला पास कसं करू?"

आबा कधी माझ्याकडे बघत, कधी गुरुजींकडे. "रुखमा, माफी माग."

मी पेपर गुरुजींच्या हातात परत दिला.

"रुखमा, गुरुजी आपल्या पायानं घरी आलेत. माग."

"हिनं लिहिलेलं खोटं हाय का?" आतून आवाज आला. माय चुलीपुढून उठली नव्हती, पाठमोरीच बोलत होती. एरवी घरी परका पुरुष असला की तिचा आवाज बाहेर येत नसे. "माझा बापबी लई रडला होता. लोकं अजून सांगत्यात, काय रडला, काय रडला. अकरा वर्साची होते मी. वाटंत तहान लागली तर पाणी मागायची लाज वाटली."

 तव्यावरच्या भाकरीचा करपट वास सुटला.

आबा इतकी वर्षं मायबरोबर राहत होते, त्यांना हे ठाऊक नसावं. ते घोंगडीच्या कडेची लोकर उपसत बसले. गुरुजींनी पेपर घडी करून खिशात घातला आणि समजुतीनं म्हणाले, "बाई, तुमचं दुःख मला कळतं. पण काव्य निराळं असतं. ते तुम्हाला कळायचं नाही." आणि गेले.

मी नापास झाले. एवढ्या एका विषयात, एवढ्या एका प्रश्नावरून. निकालाच्या दिवशी मी रडले, आणि रडू आलं याचाच मला राग आला. आबांनी माफीचा विषय पुन्हा काढला नाही. "एक साल गेलं तर गेलं," म्हणाले. "शाळा सोडायची न्हाई." पुढच्या वर्षी तोच वर्ग, तेच पुस्तक, तीच कविता. त्याच कडव्याला गुरुजींचा तोच आवाज खाली आला आणि नव्या मुली पुढे झुकल्या. मी ताठ बसून राहिले. त्या परीक्षेत प्रश्न दुसऱ्या कवितेवर आला आणि मी पास झाले, इतकं साधं ते होतं.

पुढचं वर्ष शाळेचं राहिलंच नाही. गावात रझाकारांची भीती, लोक हद्द ओलांडून वऱ्हाडात निघालेले, आम्ही केदारखेड्याला. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्ही परत आलो तेव्हा उस्तानीबींच्या घराला कुलूप होतं. कुठे गेल्या, कशा गेल्या, कुणाला सांगता येईना. शाळेत नवा फळा आला, महिन्यांची नावं बदलली. उर्दूचा तास गेला याचा सगळ्यांना आनंद होता. मी एकदा म्हटलं, उस्तानीबींचा पत्ता तरी काढा. तर एक गृहस्थ म्हणाले, "त्यांची कसली आठवण ठेवतेस?" ज्या एका माणसानं मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं की तुला काय वाटतं, तिची आठवण ठेवायला मला परवानगी लागत होती.

मी शिकले, मास्तरीण झाले, मराठीच शिकवली. काही वर्षं माझी बदली मंठ्याला होती. तिथल्या बाजारात कौसा भेटली. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू, आवाज तसाच खणखणीत. नवरा अंथरुणाला खिळलेला, शेती आणि कोर्टकज्जे हीच बघत होती. "बस, चहा घे," म्हणाली, आणि हॉटेलच्या बाकड्यावर पुरुषांच्या मधोमध बसली.

तिची सावत्र मुलगी तेव्हा औरंगाबादला शिकायला होती. मी विचारलं, कसं जमवलंस? तर म्हणाली, "तेराव्या वर्साला तिलाबी स्थळ आल्तं. घरात समद्यांचं ठरत आल्तं. मी म्हणले, मी पाठवत न्हाई. दीर म्हणला, तू कोण? म्हणले, मीच हाये हितं. लई बोलले मला. महिनाभर कोणी माझ्या हातचं पाणी पेलं न्हाई." एवढं सांगून तिनं बशीतला चहा ओठांना लावला.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की लोक म्हणतात, म्हणजे शेवटी तिचं चांगलंच झालं की. मला त्या 'झालं'ची चीड येते. झालं काहीच नाही. तिच्यावर जे लादलं गेलं ते तिनं एकटीनं उपसलं, आणि त्यात तिची सगळी उमर गेली. तिला आणखी दोन महिने शाळेत बसून परीक्षा द्यायची होती, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि गुरुजी? गुरुजींचा सत्कार ठरला. त्यांचं वय झालं होतं, खूप विद्यार्थी मोठे झाले होते. समितीचे लोक माझ्याकडे आले, "तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, मराठीच्या शिक्षिका. गुरुजी कविता कशी शिकवायचे त्यावर बोला." मी म्हटलं, आधी त्यांना भेटते, मग सांगते.

गेले. उन्हाची तिरीप अंगणातून आत आली होती, गुरुजी आरामखुर्चीत. डोळ्यांना कमी दिसत होतं, कान ठीक होते. मी मस्तगडची रुखमा, असं सांगितलं. ओळख पटली असं त्यांनी दाखवलं. सून चहा देऊन गेली. मी म्हटलं, "गुरुजी, ती पाठवणीची कविता आठवते का?"

त्यांचा चेहरा उजळला. खुर्चीत सरळ बसून त्यांनी अख्खी कविता म्हटली. एकही शब्द चुकला नाही. बापाच्या कडव्याला आवाज खाली आला.

"आणि कौसल्या आठवते?" मी विचारलं. "आमच्या वर्गातली. ही कविता म्हणणारी."

"कौसल्या," ते म्हणाले. "कोण कौसल्या?"

मग मी सांगितलं. गोदाम, चिंचा, ढगाची नज्म, तिचा प्रश्न, पाटील, शब्द टाकणं, तिथी, मांडव, ती माझ्या कानाशी काय म्हणाली ते. नाव तेवढं त्यांचं घेतलं नाही, नुसतं 'गुरुजी' म्हणत राहिले. आवाज चढू दिला नाही. ते मान हलवत मन लावून ऐकत होते. बैलगाडी निघाली तिथवर मी आले तेव्हा त्यांनी खांद्यावरचं उपरणं चाचपलं आणि डोळे टिपले.

"फार करुण आहे हो," ते म्हणाले. "कुणी लिहिलीय ही?"

मी चहाचा कप खाली ठेवला, उठले, आणि त्यांच्या पाया न पडता बाहेर आले.